नागपूरचे मनोरुग्णालय आणि रुळांपलीकडची गावे

दुर्ग सुटले, शिवनाथेचा पूल मागे पडला की नागपूरकडे जाणाऱ्या गाडीला पहिले स्थानक लागते ते रसमडा. एक्स्प्रेस गाड्या इथे थांबत नाहीत. पॅसेंजर आणि मेमू तेवढ्या थांबतात. आसपास स्पंज आयर्नच्या कारखान्यांची धुराडी आणि त्यांच्या पलीकडे धानाची शेते. पुढे मुरीपार, परमालकसा, राजनांदगाव, डोंगरगड, मग दरेकसाचा बोगदा आणि त्यानंतर महाराष्ट्र. नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. दुर्ग-भिलाईतल्या मराठी घरांना ही वाट तोंडपाठ असते. लग्नाचा बस्ता, दिवाळीचे माहेर, मुलीसाठी स्थळ पाहायला जाणे, सारे याच रुळांवरून होत आले.

याच रुळांवरून आणखी एक प्रवास शंभरावर वर्षे चालू आहे. त्याचे नाव घरात कुणी मोठ्याने काढत नसे. वेड लागलेल्या माणसाला छत्तीसगडीत 'बइहा' म्हणतात. आधी बैगा-गुनिया होई, झाडफूक होई, देवीला नवस बोलला जाई. तरीही माणूस रात्ररात्र जागा राही, अंगावर धावून येई किंवा भिंतीकडे तोंड करून बसून राही. मग घरातले कुणी जाणते माणूस आवाज खाली आणून म्हणे, ''नागपूरला न्यावं लागेल.'' नागपूरला कुठे, हे विचारावे लागत नसे.

नागपूरच्या मानकापूर भागात, छिंदवाडा रोडवर, एका चौकाला आजही लोक 'पागलखाना चौक' म्हणतात. सरकारी पाटीवर 'प्रादेशिक मनोरुग्णालय' असे लिहिलेले असले तरी ऑटोवाल्याला चौकाचे जुने नाव सांगितले की तो नेमका तिथे आणून सोडतो. 1864 पासून या संस्थेची नावे अनेकदा बदलली, कायदे बदलले, राज्ये बदलली. चौकाचे नाव तेवढे टिकले. ज्याला त्या चौकात उतरावे लागले त्याला ते नाव कसे टोचले असेल, याचा विचार फार थोड्यांनी केला.

ही संस्था कुणाची, या प्रश्नाचे उत्तर नकाशा किती वेळा फाडून पुन्हा जोडला गेला त्यावर अवलंबून आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात छत्तीसगड होतेच. बिंबाजी भोसले तर रतनपूरला राहूनच कारभार पाहत. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरले. तेव्हा प्रांताची कचेरी, प्रांताचा तुरुंग आणि प्रांताचे वेड्यांचे इस्पितळ, सारे ओघानेच नागपुरात आले.

त्याआधी रस्त्यावर भटकणारा, कपड्यांची शुद्ध नसलेला माणूस सापडला की त्याची रवानगी बहुधा कोठडीत होत असे. 1858 च्या 'लुनॅटिक असायलम' कायद्यानंतर असायलमकडे जाण्याच्या तीन वाटा ठरल्या. भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा माणूस पोलिसाने धरायचा आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा. गुन्हा केलेला वेडा तुरुंगाकडून यायचा. आणि ज्याच्या घरचे पैसे भरू शकतात तो खासगी अर्जाने यायचा. नागपूरचे असायलम 1864 मध्ये सुरू झाले ते या कायद्याच्या आधाराने. पुढे दोनेक वर्षांत जबलपूरलाही असेच एक उघडले. ते नंतर बंद झाले आणि प्रांताचा सगळा भार नागपूरवर आला.

1864 साली नागपूरला अजून रेल्वेही पोचली नव्हती. मुंबईकडून येणारी गाडी 1867 मध्ये आली. दुर्ग-राजनांदगावच्या बाजूला तर बैलगाडी आणि ग्रेट ईस्टर्न रोड एवढेच होते. भिलाईत आज ज्याला सगळे 'जी. ई. रोड' म्हणतात, ज्याच्या कडेला दुकाने, बँका, लग्नाची लॉन्स आहेत, तोच हा रस्ता. एका वेड्या माणसाला पोलिसाच्या पहाऱ्यात या रस्त्याने नागपूरला न्यायचे म्हणजे दिवसांचे दिवस लागत. 1880 च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेची अरुंद मीटरगेज गाडी राजनांदगावपर्यंत आली. 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने मार्ग रुंद केला, आणि 1891 मध्ये तो कलकत्त्याच्या बाजूला जोडला गेला. मालवाहतुकीसाठी टाकलेल्या या रुळांवरूनच छत्तीसगडातली वेडी ठरलेली माणसे नागपूरच्या फाटकापर्यंत जाऊ लागली. एक शिपाई, एक कागद आणि तिसऱ्या वर्गाचा डबा.

त्या कागदाकडे जरा जवळून पाहायला हवे. असायलममध्ये पाठवायच्या प्रत्येक माणसासोबत त्याचा तपशील लिहिलेला एक छापील तक्ता जात असे. नाव, वय, जात, धंदा, कधीपासून वेड लागले, आणि एक रकाना: 'कारण'. हा रकाना भरायचा कुणी? बहुतेक वेळा पोलिसाने. रस्त्यावर सापडलेल्या अनोळखी माणसाच्या वेडाचे कारण पोलिसाला कसे कळणार? पण रकाना कोरा ठेवला तर वरून विचारणा होई. मग माणूस गांजा ओढणारा आहे अशी नुसती ऐकीव गोष्ट कानावर आली, तरी 'गांजा' असे लिहून कागद पुढे जाई. मध्य प्रांतात खांडव्याकडे परवान्याने गांजाची शेती होत होती आणि बाजारात तो सर्रास मिळत होता. त्यामुळे असे लिहिणे सोपेही होते.

1893 मध्ये सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. गांजाने लोक वेडे होतात असा ओरडा विलायतेत झाला होता आणि त्याला आधार होता तो असायलमांच्या याच आकड्यांचा. आयोगाने एक साधी आणि मोलाची गोष्ट केली. 1892 या एका वर्षात देशभरातल्या असायलमांत दाखल झालेल्या रुग्णांचे कागद काढून एकेकाची चौकशी पुन्हा केली. 1,344 दाखल रुग्णांपैकी 222 जणांच्या नावापुढे गांजा-भांग हे कारण लिहिलेले होते. तपासणीनंतर त्यातले 98 उरले. बाकीच्यांच्या नावापुढे तो शब्द नुसता रकाना भरण्यासाठी पडला होता. जवळजवळ सव्वाशे माणसांना आतले डॉक्टर वर्षभर 'गंजेटी' समजत होते, त्यांच्या घरात काय घडले, कुणाला ताप मेंदूत गेला, कुणाचे मूल दगावले, हे विचारण्याची गरज कुणालाच वाटली नव्हती. नागपूरच्या संस्थेचा इतिहास लिहिताना ही गोष्ट फार पुढे ठेवायला हवी, कारण इमारतीपेक्षा या रकान्यानेच रुग्णाचे पुढचे आयुष्य ठरत असे.

सुरुवातीला असायलमांवर तुरुंग खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलची देखरेख असे, नंतर ती डॉक्टरांकडे आली. 1912 चा नवा कायदा आला, पण दाखल करण्याचा मार्ग मॅजिस्ट्रेटच्या हुकमातूनच राहिला. 'रिसेप्शन ऑर्डर' हा शब्द इथल्या कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात पुढे अनेक दशके रुळला तो इथून. माणूस बरा झाला असे डॉक्टरला वाटले तरी बाहेर सोडायला पुन्हा कागद, अभ्यागत मंडळाची बैठक, घरच्यांची हमी. 1920 च्या दशकाच्या आरंभी देशभरातल्या असायलमांच्या पाट्या उतरल्या आणि 'मेंटल हॉस्पिटल' अशा पाट्या लागल्या. रांचीच्या युरोपियन रुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. पाटीमागे मात्र तीच आवारभिंत, तेच मोठे फाटक, त्याच गजाच्या खोल्या. आत बागकाम आणि विणकाम अशी कामे रुग्णांकडून करून घेतली जात. ती औषधासारखी समजली जात, आणि संस्थेचा खर्चही त्यातून थोडा भागे.

1943 मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी सुरू झाली. त्यातला मनोरुग्णालयांचा भाग रांचीचेच अधीक्षक कर्नल मूर टेलर यांच्याकडे आला. ते एकेक रुग्णालय पाहत देशभर हिंडले. 1946 मध्ये अहवाल आला. साऱ्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा, म्हणजे चाळीस हजार लोकसंख्येमागे एक. इंग्लंडमध्ये तेव्हा तीनशेंमागे एक होती. टेलर यांनी सरळ लिहिले की बहुतेक ठिकाणे बरे करण्यासाठी बांधलेली नाहीत, डांबून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत, आणि कर्मचाऱ्यांची संख्या लाजिरवाणी अपुरी आहे. त्यांनी सर्वांत वाईट म्हणून जी चार नावे घेतली त्यात पंजाब आणि आग्रा यांच्या जोडीला ठाणे आणि नागपूर होती. ही चारही तुरुंगासारखी आहेत आणि ती पाडून नव्याने बांधायला हवीत, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय होता.

म्हणजे आज महाराष्ट्रात असलेल्या चार मनोरुग्णालयांपैकी दोनांच्या पुनर्बांधणीची शिफारस स्वातंत्र्याच्या आधी झालेली आहे. त्यातल्या ठाण्याचे काय झाले ते पुढे येईलच. नागपूरच्या वाट्याला आधी वेगळीच गोष्ट आली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिले. नागपूर राजधानी होते तोवर दुर्गच्या रुग्णाला प्रांताबाहेर जावे लागत नव्हते. एका रात्रीत ते मनोरुग्णालय दुसऱ्या राज्याचे झाले. मध्य प्रदेशाच्या वाट्याला आली ती ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा आणि इंदूरचे बाणगंगेचे रुग्णालय. दोन्ही दुर्ग-रायपूरपासून नागपूरच्या तिप्पट लांब. रुग्णाच्या घरच्यांनी काय करायचे? त्यांनी व्यवहार पाहिला. गाडी नागपूरला जाते, एक रात्र पुरते, तिथे ओळखीचे कुणी असते, म्हणून ते नागपूरलाच जात राहिले. राज्याची सीमा सालेकसाच्या अलीकडे पडली तरी आजार ती ओलांडून जायचा.

हे दशक आणखी एका कारणाने मोठे होते. 1952 मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमझिन या औषधाचा मनोविकारांवर उपयोग सिद्ध झाला आणि काही वर्षांत ते भारतात आले. तोवर डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते. इन्शुलिन देऊन बेशुद्ध करणे, विजेचे झटके, झोपेची औषधे, आणि नाहीच जमले तर खोलीला कुलूप. गोळ्या आल्या आणि वर्षानुवर्षे स्वतःशीच बोलणारी माणसे समोरच्याशी बोलू लागली. नेमके याच काळात भिलाईत पोलाद कारखाना उभा राहत होता. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या धमनभट्टीचे उद्घाटन केले. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून कामगार आले, त्यात मराठी कुटुंबेही आली. सेक्टर 9 चे रुग्णालय झाले आणि कारखान्याच्या माणसांना मनोविकारांवरचे उपचार हळूहळू घराजवळ मिळू लागले. शिवनाथेच्या पलीकडच्या खेड्यातल्या शेतमजुराकडे मात्र कारखान्याचे मेडिकल बुक नव्हते. त्याच्यासाठी नागपूरची पॅसेंजरच होती.

गोळ्यांनी माणसे बरी होऊ लागली आणि मनोरुग्णालयाचा दुसरा, जास्त अवघड प्रश्न उघडा पडला. बरे झालेल्याला न्यायला कुणी येईना.

घरचे वाईट असत म्हणून असे होई, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या वर्षी भाऊ येऊन जाई. दुसऱ्या वर्षी पत्र येई. मग शेत विकले जाई, आई वारे, बहिणीचे लग्न ठरताना 'घरात वेड आहे' हे लपवावे लागे. छत्तीसगडच्या खेड्यात बाईच्या बाबतीत तर 'टोनही' म्हणजे चेटकीण म्हणून बोट दाखवले जाण्याची भीती वेगळी. त्या छळाविरुद्ध राज्याला 2005 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, इतका तो प्रकार खोल होता. अशा गावात मनोरुग्णालयातून परतलेल्या बाईला घेऊन जायचे म्हणजे साऱ्या कुटुंबाने जोखीम पत्करायची. मग ती नागपूरलाच राही. वॉर्डातच तिचे केस पांढरे होत. तिथल्या अधिपरिचारिका आणि अटेंडंट बदलून जात, निवृत्त होत, ती तिथेच असे. नव्या सिस्टरला कुठली चावी कुठल्या कपाटाची हे तीच सांगे.

या संस्थांत नोकरी केलेल्यांबद्दल समाज फार कमी चांगले बोलला. शंभरावर रुग्णांच्या वॉर्डात रात्री दोन-तीन अटेंडंट, ही ज्यांची ड्यूटी असे त्यांच्या हातून कठोरपणा घडला असेल. पण जे रुग्ण कुणाचेच उरले नव्हते त्यांची दाढी करणारे, त्यांना आंघोळ घालणारे, त्यांच्या मयताला खांदा देणारेही तेच होते. स्मरणिकांमध्ये अधीक्षकांची नावे ओळीने छापली जातात. या माणसांची कधी छापली जात नाहीत.

1987 चा मानसिक आरोग्य कायदा 1993 च्या 1 एप्रिलपासून लागू झाला. त्याने भाषा सुधारली, पण मॅजिस्ट्रेट आणि रिसेप्शन ऑर्डर राहिलीच. न्यायालयांनी मात्र दारे ठोठावायला सुरुवात केली होती. रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर या रुग्णालयांची अवस्था सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि 1997 मध्ये त्यांची देखरेख राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवली गेली. आयोगाने बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मदतीने देशातली 37 मनोरुग्णालये पाहून 1999 मध्ये अहवाल दिला. टेलर यांच्यानंतर अर्धशतकाने पुन्हा तेच चित्र कागदावर आले. कोठड्या, उंच भिंती, उघड्यावर आंघोळ, आणि घरी जाऊ शकणारी पण न गेलेली माणसे.

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झाले. त्याच्याकडे स्वतःचे एकही सरकारी मनोरुग्णालय नव्हते.

नऊ महिन्यांनी, 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे, तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. आतले रुग्ण साखळीने बांधलेले होते. 28 जण जळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले आणि प्रत्येक राज्यात निदान एक सरकारी मनोरुग्णालय असलेच पाहिजे असा आदेश दिला. ज्या राज्यांत ते नव्हते त्यांत छत्तीसगडचे नाव होते. त्यातून पुढे बिलासपूरजवळ सेंदरी इथे राज्य मानसिक चिकित्सालय उभे राहिले. बिलासपूरहून रतनपूरला जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे. बिंबाजी भोसल्यांची राजधानी ज्या वाटेवर, त्याच वाटेवर छत्तीसगडला नागपूरच्या असायलमनंतर सुमारे दीडशे वर्षांनी स्वतःचे मनोरुग्णालय मिळाले.

रसमड्याच्या माणसासाठी हा बदल साधा नव्हता. आता गाडी उलट्या दिशेची. दुर्ग, रायपूर, बिलासपूर आणि तिथून सेंदरी. अंतर नागपूरपेक्षा बरेच कमी, बोली आपली, कागद आपल्या राज्याचे. पण सेंदरीला खाटा 200, आणि 2011 च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या अडीच कोटींवर. म्हणजे सव्वा लाखांमागे एक खाट. ज्या 1946 च्या आकड्याने भोर समितीला लाज वाटली होती त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हे कमी. वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत थोड्या खाटा आहेत, त्या धरल्या तरी फार फरक पडत नाही. डॉक्टरांच्या रिकाम्या जागांबद्दल छत्तीसगड उच्च न्यायालयाला सरकारला जाब विचारावा लागला आहे. त्यामुळे सेंदरी झाल्यावरही नागपूरची वाट बंद झाली नाही.

नागपूरच्या रुग्णालयात आज 940 खाटा आहेत. महाराष्ट्रातल्या बाकीच्या तीनांपैकी येरवड्याला 2,540, ठाण्याला 1,850 आणि रत्नागिरीला 365. चारांची बेरीज 5,695. 'येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला पाठवा' असे शब्द भांडणात सहज तोंडून जातात. विदर्भात आणि छत्तीसगडातल्या मराठी घरांत तसेच नागपूरचे होते. 2016 मध्ये राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्यात करार होऊन नागपूरला 'उडान' हा प्रकल्प सुरू झाला. स्वयंपाकघरापासून वॉर्डांपर्यंत सुधारणा, रुग्णांना हाताला काम, आणि आवाराबाहेर पडून खेड्यांमध्ये रुग्ण शोधणे, असे त्याचे स्वरूप होते. आवाराचीही थोडी फाळणी झाली. मनोरुग्णालयाच्या जागेचा एक तुकडा नागपूरच्या जिल्हा रुग्णालयासाठी देण्यात आला. त्यात एक चांगली शक्यता आहे. हृदयाचा आणि हाडाचा रुग्ण ज्या फाटकातून जाईल त्याच्या शेजारच्या फाटकातून मनाचा रुग्ण गेला, तर चौकाचे ते नाव कदाचित आपोआप मागे पडेल.

ठाण्याची गोष्ट इमारतीपर्यंत पोचली. 1901 सालचे ते रुग्णालय, नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीचे, 72 एकरांचे. मुंबईच्या वाढीत ती जमीन सोन्याची झाली. ठाणे आणि मुलुंड यांच्या मध्ये नवे उपनगरी स्थानक हवे म्हणून त्यातली 14.83 एकर जागा मागितली गेली आणि 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती द्यायला परवानगी दिली. उरलेल्या जागेवर जुन्या बराकी पाडून निम्हान्सच्या धर्तीवर 3,278 खाटांचे नवे रुग्णालय बांधण्याचे ठरले. टेलर यांची शिफारस ठाण्यात अशी 77 वर्षांनी हलली. नवी इमारत आवश्यकच आहे. ज्यांनी त्या बराकींतला ओलावा पाहिला आहे त्यांना ते सांगावे लागणार नाही. पण 1,850 वरून 3,278 हा आकडा वाचताना थोडे थांबावे असे वाटते. नव्या खाटांवर नवे रुग्ण येऊन बरे होऊन गेले तर ती प्रगती. तिथेही माणसे म्हातारी होऊ लागली तर फक्त वॉर्ड मोठा झाला.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 मध्ये लागू झाला. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णाला पोलिसांनी 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावे, कोठडीत ठेवू नये, असे तो सांगतो. साखळीने बांधायला पूर्ण बंदी. भूल दिल्याशिवाय झटके द्यायला बंदी. आणि एका कलमात असे आहे की कुटुंबाने स्वीकारले नाही, घर नाही किंवा गावात सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. हे वाक्य छापले गेले तेव्हा नागपूरपासून रांचीपर्यंत कितीतरी माणसे नेमकी याच कारणाने आत होती. सरकारांनी घाईने मार्गही काढले. महाराष्ट्राने काही बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले, तेव्हा 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल राज्याची कानउघाडणी केली.

खरा मार्ग समाजसेवा अधीक्षकाच्या टेबलावरून जातो. हे पद बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. रुग्ण शांत झाला, बोलू लागला की त्याच्या घराचा माग काढणे हे या माणसाचे काम. छत्तीसगडच्या रुग्णाच्या बाबतीत ते कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या केसपेपरवर पत्ता असतो 'जि. दुर्ग, म. प्र.'. त्यातले 'म. प्र.' 2000 मध्ये संपले. दुर्ग जिल्हा तर पुनःपुन्हा तुटला. 1973 मध्ये राजनांदगाव वेगळा झाला, त्यातून पुढे कवर्धा. 2012 मध्ये बालोद आणि बेमेतरा. 2022 मध्ये राजनांदगावातून खैरागड-छुईखदान-गंडई आणि मोहला-मानपूर-अंबागड चौकी. म्हणजे रुग्ण जागचा हलला नाही, पण त्याचे गाव एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेले. त्याला स्वतःला हे ठाऊक नसते. तो त्याच्या वेळचाच पत्ता सांगतो.

मग अधीक्षक पत्ता सोडून खुणा विचारतात. नदी कोणती? स्टेशन कोणते? बाजार कुठल्या वारी भरतो? रुग्ण 'शिवनाथ' म्हणाला तर नकाशाचा अर्धा भाग बाजूला पडतो. 'गाडी थांबायची, पण मेल थांबायची नाही' असे म्हणाला तर छोट्या स्टेशनांची यादी समोर येते: मुरीपार, परमालकसा, रसमडा. तिथल्या ठाण्याला, सरपंचाला, कोतवालाला फोन जातो. फोटो मोबाइलवर पाठवला जातो. पलीकडे कुणीतरी म्हातारा तो फोटो डोळ्यांजवळ नेतो. कधी ''हो, हा आमचा'' असे उत्तर येते, कधी ''तो तर केव्हाच मेला'' असे येते, कारण घराने एव्हाना त्याचे दहावे-तेरावे करूनही टाकलेले असते.

घर सापडले की रुग्णालयाचे दोन कर्मचारी सोबत जातात. औषधांची पुडी, कागदांची फाइल, आणि पुढची औषधे दुर्गच्या जिल्हा रुग्णालयातून कशी घ्यायची याची चिठ्ठी. निम्हान्सने छत्तीसगडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना ऑनलाइन शिकवून मनोविकारांची औषधे तिथेच सुरू करता येतील अशी तजवीज केली आहे. 2022 च्या ऑक्टोबरपासून 14416 या क्रमांकावर टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, त्यावर छत्तीसगडच्या माणसाला हिंदीत बोलता येते. इतके सगळे त्या चिठ्ठीवर मावत नाही, म्हणून सोबतचे कर्मचारी ते घरच्यांना दोनदा, तीनदा समजावून सांगतात. गोळी चुकवायची नाही. झोप कमी झाली तर वाट पाहायची नाही. त्याला घरात कोंडायचे नाही.

हे सगळे आटोपून कर्मचारी परत निघतात तेव्हा नागपूरकडची मेमू यायला बहुधा वेळ असतो. स्टेशनवर बसून ते केसपेपरवरचा पत्ता दुरुस्त करतात. 'जि. दुर्ग, म. प्र.' यातल्या 'म. प्र.' वर रेघ मारून 'छ. ग.' लिहितात, आणि खाली ज्याच्या ताब्यात दिले त्याचे नाते: मोठा भाऊ.